धागा आधी, धुणं मग

दिल्लीत कपड्यांचे दोन संसार मांडावे लागतात. एप्रिल ते सप्टेंबर अंगाला सुताशिवाय काही सोसवत नाही, आणि नोव्हेंबर लागला की दिवाणातल्या पेट्या उघडतात, रजया गच्चीवर पडतात, स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास मारत असतो. मयूर विहारमधल्या एका मराठी घरात अशाच पेट्या उघडलेल्या असताना झालेला हा संवाद आहे. आत्या मूळच्या येवल्याकडच्या, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. भाची गुरुग्रामच्या उद्योग विहारमध्ये कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. परदेशी जाणारा कपडा धुतल्यावर किती आटतो आणि किती रंग सोडतो, हे मोजणं तिचं रोजचं काम. दोघींचा कपड्यांवर जीव आहे, पण एकीचा हातावर विश्वास आणि दुसरीचा आकड्यावर.

भाची : आत्या, एवढ्या साड्या मलमलीत बांधून ठेवल्या आहेस, त्यातल्या वर्षाला नेसतेस किती? प्रगती मैदानाजवळच्या क्राफ्ट्स म्युझियमला देऊन टाक, निदान लोक बघतील तरी.

आत्या : नेसते की! फेब्रुवारी 2025 मध्ये तालकटोऱ्याला साहित्य संमेलन झालं, तेव्हा तीनही दिवस वेगळी साडी होती. आणि म्युझियमवाले तरी काय वेगळं करतात? अंधारात ठेवायचं, ऊन लागू द्यायचं नाही, मऊ कापडात गुंडाळायचं. माझ्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्या त्या मॉलमधल्या टॉपची दोन पावसाळ्यांत मच्छरदाणी होते, त्याचं बोल.

भाची : मच्छरदाणी होते, कारण तो टॉप व्हिस्कोसचा आहे आणि त्याला जीन्सबरोबर मशीनमध्ये टाकलं जातं. व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. सुताचं उलटं आहे, ते ओलं असताना जास्त मजबूत असतं. म्हणून धोबी सुती चादर दगडावर आपटू शकतो. तोच हात व्हिस्कोसला लावला तर कपडा जाणारच. त्यात कपड्याचा दोष नाही, धागा न ओळखण्याचा दोष आहे.

आत्या : धागा आम्ही बोटांनी ओळखायचो. रेशीम मुठीत दाबलं की ऊब येते आणि सुळसुळ वाजतं. सूत थंड लागतं. नायलॉन हातात मेल्यासारखं पडून राहतं.

भाची : बोटं आता फसतात. पॉलिएस्टरवर असं फिनिश चढवतात की ते रेशमासारखं वाजतं. चांदणी चौकात ‘प्युअर सिल्क’ म्हणून काय काय विकतात, तू बघितलं आहेस. माझ्यावर विश्वास नसेल तर पदराच्या आतल्या बाजूचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धर आणि जाळ. सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं, मऊ राखाडी राख उरते. रेशीम आणि लोकर हळू जळतात, केस जळाल्याचा वास येतो, आणि जी काळी गोळी होते ती बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळतं आणि गार झालं की खड्यासारखी कडक गोळी होते, ती चुरडत नाही.

आत्या : दुकानात काडी ओढू का मी?

भाची : दुकानात सिल्क मार्कचं लेबल बघ. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून ते चालू आहे. जाळून बघायचं ते घरी, आणि तेही धागा, साडी नव्हे.

आत्या : बरं. पण तुमच्या प्रयोगशाळेला एक विचारते. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसावर जातो. त्या उकाड्यात माझं वायलचं पातळ अंगावर सुखाचं वाटतं आणि तुझा तो न चुरगळणारा कुर्ता अंगाला चिकटतो. हे मोजता येतं का?

भाची : येतं. कोरडा वाटणारा कपडासुद्धा हवेतली ओल धरून असतो. साधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरतं, रेशीम अकराच्या आसपास, लोकर सोळाच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे घाम धाग्यात न शिरता अंगावरच राहतो. थंडीतही हाच आकडा आडवा येतो. दिल्लीच्या थंडीत हवा कधीकधी किती कोरडी होते, तुला माहीत आहे. त्या हवेत ॲक्रिलिकचा स्वेटर डोक्यावरून काढला की तडतड होते, अंधारात ठिणग्या दिसतात. धाग्यात ओल नाही, म्हणून वीज साठते.

आत्या : म्हणजे ॲक्रिलिकचं कॅशमिलॉन वाईट आणि लोकर चांगली, हे मी म्हणत होते ते खरंच.

भाची : चांगलं-वाईट असं नसतं गं. ॲक्रिलिकचा स्वेटर शाळकरी पोराला घाल, रोज मळला तरी मशीनमध्ये धुता येतो, त्याला कसर लागत नाही, आणि तो लाजपतनगरच्या फुटपाथवरही मिळतो. लोकरीचा स्वेटर त्या पोराला दिलास तर एका हिवाळ्यात त्याचा नमदा होईल. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. तो परत मोठा होत नाही.

आत्या : म्हणून तर आम्ही लोकर कोमट पाण्यात नुसती दाबायचो, पिळायचो नाही, आणि टॉवेलवर पसरून वाळवायचो. दोरीवर टाकली की पाण्याच्या भाराने लांब होते.

भाची : अगदी बरोबर. मी लेबलवर लिहिते ते हेच. आडवी रेघ असलेला चौकोन म्हणजे पसरून वाळवा. पाण्याच्या टबात हात दाखवला असेल तर हाताने धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. इस्त्रीत एक टिंब म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. ही चिन्हं जगात बहुतेक ठिकाणी जवळजवळ सारखीच आहेत. सगळी मिळून पाचच आकृत्या ओळखायच्या : टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ.

आत्या : आमच्या कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याची इस्त्री कोळशाची आहे. तिच्यावर टिंबं कुठली? तो थुंकी लावलेल्या बोटाने अंदाज घेतो. मी त्याला सुती कपडे देते. रेशमी साडी घरी उलटी करून, वर सुती पंचा टाकून, मी स्वतः करते. हे मला टिंबांनी नाही सांगितलं.

भाची : तुला माहीत होतं, म्हणून तुला टिंबं लागली नाहीत. ज्यांना आईने सांगितलं नाही, त्यांच्यासाठी टिंबं आहेत.

आत्या : इथे मला खरं बोलायचं आहे. आमच्या घरात प्रत्येक धाग्याला वेगळा नियम होता. सोवळ्याचंच बघ. पूजेचा मुकटा, कद, थंडीतली धाबळी, ही रेशमाची आणि लोकरीची वस्त्रं. ती रोज धुवायची नसत, ती शुद्धच मानलेली. सुती सोवळं मात्र रोज धुवायचं, कुणाचा हात न लागता वाळवायचं. तुम्ही याला नुसती रूढी म्हणता.

भाची : रूढीच ती. वाळत घातलेल्या वस्त्राला कुणी शिवायचं आणि कुणी नाही, याची बाजू घ्यायला मला सांगू नकोस. पण धुण्यापुरतं म्हणशील तर धाग्याशी जुळणारी रूढी आहे, हे मान्य. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांचे धागे, म्हणजे प्रथिनं. सोडा, तीव्र पावडर, क्लोरीनचं ब्लीच यांनी ती खराब होतात. हल्लीच्या पावडरींत तर प्रथिनांचे डाग तोडणारे एन्झाइम असतात. रक्ताचा, दुधाचा डाग काढणारं तेच एन्झाइम रेशमालाही डागच समजतं. रेशीम रोज धुतलं असतं तर मुकटा दोन वर्षं टिकला नसता. शिवाय लोकरीला घामाचा वास कमी धरतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात 2014 मध्ये सुती आणि पॉलिएस्टरचे टी-शर्ट व्यायामानंतर तपासले, तेव्हा पॉलिएस्टरचा वास जास्त उग्र निघाला. वास करणारे जिवाणू त्यावर अधिक पोसतात. म्हणजे मुकट्याला जो नियम तो जिमच्या टी-शर्टला लावता येत नाही. तो टी-शर्ट रोज धुवावाच लागतो.

आत्या : मग मी काय वेगळं सांगते? आता एकच मशीन, एकच पावडर, एकच बटण. पैठणीचा ब्लाउज आणि पायपुसणं एका फेरीत. मशीन आलं, कष्ट गेले, आणि कष्टाबरोबर अक्कलही गेली.

भाची : कष्ट कुणाचे गेले ते सांग ना. आजीने आयुष्यभर नदीवर आणि मोरीत धुणं धुतलं. तुझ्याकडे बाई यायची, जानेवारीत गार पाण्यात हात घालायची, तिची बोटं फुटलेली असायची. तुझा कपडा जपला गेला, पण तो कुणाच्या हातांवर जपला गेला? मशीनने ते हात सोडवले. त्या बदल्यात चार ब्लाउज आटले तर आटू देत.

आत्या : (थोडं थांबून) हे तू बोललीस ते बरोबर आहे. पण म्हणून मशीनला डोळे झाकून देऊ का सगळं? कष्ट मशीनला दे, निवड आपल्याकडे ठेव. उलटा कपडा, चेन लावलेली, बटणं सोडलेली, ब्रा-ब्लाउज जाळीच्या पिशवीत, गडद वेगळं, फिकं वेगळं. याला दोन मिनिटं लागतात आणि ती घरातला कुणीही देऊ शकतो. पुरुषसुद्धा.

भाची : हे मात्र मी फ्रेम करून लावते.

आत्या : लाव. आणि नवा कपडा पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो.

भाची : होत नाही, आत्या. कापड रंगवताना कुंडात मीठ घालतात, कारण त्याने रंग धाग्याकडे ओढला जातो. एकदा रंगवून, धुऊन बाजारात आलेल्या कपड्याचा रंग घरच्या मिठाने पक्का होत नाही. मिठाने फक्त समाधान मिळतं. त्यापेक्षा शिवणीच्या आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल घासून बघ. रंग रुमालाला लागला तर तो कपडा कायम एकटा धुवायचा. आम्ही प्रयोगशाळेत हेच यंत्राने घासतो आणि 1 ते 5 गुण देतो. 5 म्हणजे रंग हलला नाही.

आत्या : बरं, मीठ सोडलं. पण पांढऱ्याचं काय करायचं? पुण्याला माझ्या बहिणीकडे पांढरे परकर वर्षानुवर्षं पांढरे राहतात. इथे सहा महिन्यांत त्यांवर राखाडी कळा येते.

भाची : ते पाणी जड आहे म्हणून. नोएडा, गुरुग्राम, द्वारका, जिथे जिथे बोअरचं पाणी मिसळतं, तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. वडीचा साबण या क्षारांशी मिळून चिकट साका होतो, तो धाग्यात बसतो, आणि त्यावर धूळ बसते. लोक म्हणतात फेस येत नाही, म्हणून अजून साबण घालतात, आणि साका वाढतो. जड पाण्यात डिटर्जंट बरा, तोही मापात, आणि एक विसळणी जास्त. नोव्हेंबरात तर दोरीच घरात आणावी. बाहेर धूर-धुक्यात शर्ट वाळवला तर तो धुण्याआधी जास्त स्वच्छ होता असं वाटतं.

आत्या : आणि तो डिटर्जंट जातो यमुनेत. छठपूजेला कालिंदी कुंजला बायका कंबरभर फेसात उभ्या असलेले फोटो पेपरात येतात, तेव्हा मला माझ्या बादलीची लाज वाटते.

भाची : फेसाचं मोठं कारण न शुद्ध केलेलं सांडपाणी, पण त्यात डिटर्जंट आणि फॉस्फेट असतातच. जून 2021 मध्ये दिल्लीत नव्या भारतीय मानकांत न बसणारे साबण आणि डिटर्जंट विकायलाच मनाई केली गेली. नियम चांगला. पण चमचाभर पावडर कमी घालणं आणि कपडा उगीच न धुणं, याला सरकारी आदेश लागत नाही.

आत्या : रिठ्याला तर आदेशच नको. चार रिठे रात्री भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळायचे. रेशमाला आणि शालीला त्याच्यासारखं दुसरं नाही.

भाची : त्यात सॅपोनिन असतं. फेस होतो आणि रेशमाला झोंबणारा तीव्र क्षार नसतो. मात्र फिक्या रंगावर आधी कोपऱ्यात लावून बघावं, रिठ्याचं पाणी तपकिरी असतं. आणि जरीच्या साडीला पाणीच नको.

आत्या : जरीला काही शिकवू नकोस. येवल्याची आहे मी. खरी जरी म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. आता बहुतेक ठिकाणी टेस्टेड जरी, आत तांबं. अत्तर शिंपडलं, गजऱ्याचं पाणी लागलं, घाम लागला की काळी पडते.

भाची : चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. दिल्लीच्या हवेत त्यांची कमतरता नाही. म्हणून जरी बंद ठेवायची, पण प्लॅस्टिकमध्ये नाही. प्लॅस्टिक आत अडकलेली ओल सोडत नाही आणि जुलै-ऑगस्टात बुरशी येते. स्वच्छ, धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात.

आत्या : आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची. एकाच घडीवर राहिली की जरीची तार तिथे मोडते आणि साडी घडीवर विरते. पैठणीचा पदर आतून-बाहेरून सारखाच असतो, मागे लोंबते धागे नसतात, म्हणून ती उलटी घडी घालायलाही हरकत नाही. वाऱ्यावर टाकायची, पण सावलीत.

भाची : सावलीत, हे तू म्हणालीस ते महत्त्वाचं. रेशमाइतकं उन्हाला हळवं दुसरं नेहमीचं नैसर्गिक कापड नाही. पिवळं पडतं आणि धागा कुजल्यासारखा होतो. लोकरीच्या कपड्यांना मात्र पेटीत ठेवण्याआधी ऊन दाखवलं पाहिजे, झटकून. कसर खाते ती अळी, आणि तिला मळलेली, घाम-अन्नाचे डाग असलेली लोकर जास्त आवडते. लोक एप्रिलमध्ये न धुता शाल ठेवतात आणि नोव्हेंबरात भोकं मोजतात.

आत्या : डांबरगोळ्या असतात ना.

भाची : त्या न धुतलेल्या कपड्यांना पुऱ्या पडत नाहीत. आणि नॅप्थलीनची वाफ अंगाला चांगली नाही. काही तान्ह्या मुलांच्या रक्तात जन्मजात एका एन्झाइमची उणीव असते. त्यांना गोळ्यांमधून थेट काढलेले कपडे किंवा पांघरूण घातलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. म्हणून बाळाच्या कपड्यांत गोळी नकोच. मोठ्यांच्या कपड्यांतही कापडी पुरचुंडीत, आणि वापरण्याआधी एक-दोन दिवस मोकळी हवा.

आत्या : हे मला माहीत नव्हतं. आम्ही कडुनिंबाचा वाळका पाला आणि वेखंड ठेवायचो. खळही काढून ठेवायचो, कारण खळीच्या वासाने झुरळ आणि कसर येते. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, तिला तर अंगणात झटकून झटकून ठेवावं लागतं.

भाची : उन्हाळ्यात वापरायच्या सुती साडीला खळ चांगलीच. धूळ खळीवर बसते आणि खळीबरोबर निघून जाते. ठेवणीत मात्र विनाखळ.

आत्या : मग जरीची साडी मळली तर तुझं उत्तर एकच, ड्रायक्लीन.

भाची : वर्षाला एकदा, तेही गरज असेल तर. आणि नुसतं देऊन येऊ नकोस. ड्रायक्लीनिंग कोरडं नसतं, पाण्याऐवजी द्रावक असतं. तेला-तुपाचा डाग त्यात जातो. सरबताचा, घामाचा जात नाही, तो नंतर तपकिरी होऊन वर येतो. म्हणून डाग कसला आहे ते दुकानदाराला सांगायचं. लेबलवर वर्तुळात ‘पी’ असेल तर परक्लोरोएथिलीन चालतं. गल्लीतल्या बऱ्याच दुकानांत त्याऐवजी पेट्रोलियमचं द्रावक असतं, लोक त्याला पेट्रोल वॉश म्हणतात. परक्लोरोएथिलीन कर्करोगाला कारण होण्याची शक्यता असलेलं रसायन आहे. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवायचा नियम केला. दुकानातून कपडा आणलास की वरची पिशवी फाड, दिवसभर गॅलरीत लाव, मग कपाटात ठेव.

आत्या : बघ, म्हणजे इतक्या शहाणपणाचा शेवट काय, तर वारा लावा. तो फुकट आहे. पण तुम्ही लोक दुरुस्ती करत नाही, याचं मला वाईट वाटतं. ही शाल बघ. इथे बोटाएवढं भोक होतं. रफूगाराने काश्मिरी भरतकामात असं बसवलं की मलाच सापडत नाही.

भाची : कुठला रफूगार?

आत्या : नजीबाबादचा. तिथले रफूगार पिढ्यान्‌पिढ्या शाली दुरुस्त करत दिल्लीपर्यंत फिरतात. प्रिया रविश मेहरा म्हणून दिल्लीच्या वस्त्रकलाकार होत्या, त्यांनी या रफूगारांचं काम प्रदर्शनांतून लोकांपुढे आणलं. आणि नजीबाबाद वसवलं कुणी? पानिपतात आपल्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या नजीबखान रोहिल्याने. इतिहासात ज्याने फाडलं, त्याच्या गावचे लोक आता आपलं शिवतात.

भाची : वाक्य छान आहे, पण हिशेब बघ. शालीला रफू परवडतं. चारशे रुपयांच्या शर्टाला रफू करायला सहाशे लागले तर कोण करेल?

आत्या : बटण तर लावशील? शिवण उसवली तर घरी चार टाके घालशील? मोठं कौशल्य नको, सुई हवी. आणि विरलेल्या साडीची गोधडी. एका पातळाचे आम्ही तीन जन्म काढायचो : साडी, मग गोधडी, मग पोतेरं.

भाची : ते सुतालाच जमायचं. आजचा कपडा मिश्र आहे. सूत, पॉलिएस्टर, इलॅस्टेन एकात विणलेले. तो गोधडीत घाम शोषत नाही, पोतेऱ्यात पाणी शोषत नाही, आणि पुन्हा धागा करायला गेलं तर वेगळा होत नाही. माझ्या धंद्याची ही दुखरी बाजू आहे. आम्ही कपडा पन्नास धुण्यांना टिकतो का ते तपासतो, एकावन्नाव्या धुण्यानंतर तो कुठे जाईल हे तपासत नाही.

आत्या : जातो कुठे ते मला माहीत आहे. पूर्वी दारावर बोहारीण यायची, दोन साड्या आणि एक पॅंट घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची. इथेही येतात अजून. पश्चिम दिल्लीत रघुबीरनगरला पहाटे त्यांचा बाजार भरतो, गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका तिथे गठ्ठे सोडतात. लुसी नॉरिस नावाच्या अभ्यासक बाईंनी दिल्लीतल्या या धंद्यावर पुस्तकच लिहिलं आहे.

भाची : बरा कपडा धुऊन-शिवून पुन्हा बाजारात जातो. उरलेला आणि परदेशातून येणारा पानिपतला जातो. तिथे जुने लोकरी कोट, स्वेटर यांची बटणं, चेन, अस्तरं बायका हाताने काढतात, कापड रंगवार लावतात, मग यंत्र त्याचा पिंजून धागा करतं. रंग आधीच असल्याने पुन्हा रंगवावा लागत नाही. भूकंप-पुरात वाटली जाणारी स्वस्त ब्लॅंकेटं कित्येक वर्षं त्याच धाग्याची होती. आता पॉलिएस्टरच्या मऊ ब्लॅंकेटांनी तो धंदा मागे रेटला. आणि त्या खोल्यांत धाग्याची बारीक लव उडते, ती कामगारांच्या छातीत जाते, हेही सांगायला हवं.

आत्या : म्हणजे आपल्या कपाटातला पसारा शेवटी दुसऱ्याच्या फुप्फुसात.

भाची : म्हणून मी म्हणते, कमी घ्या आणि घेतलेलं वापरा. पेटीत ठेवून जपलेला कपडा आणि एकदा घालून फेकलेला कपडा, दोन्ही वायाच.

आत्या : तिथे मी सहमत नाही. माझी पैठणी मी वर्षातून दोनदा नेसते, पण ती विणायला विणकराला काही महिने लागले. ती माझ्यानंतर तुझी आहे. विणकराने जिच्यावर महिने घातले, ती मी चार वर्षांत झिजवू? रोजचं वेगळं, ठेवणीतलं वेगळं.

भाची : आणि मी ती जपू शकले नाही तर?

आत्या : तर जपणाऱ्याला दे. आपण जपू शकत नाही ते वस्त्र आपलं नाही.

भाची : असं प्रत्येकीने म्हटलं तर हातमाग बंद पडेल.

आत्या : नाही पडणार. सुती हातमाग घ्या की! सुती इरकल घ्या, खादी घ्या. जितकं धुवाल तितकं मऊ होतं. हातमाग म्हणजे जपणूकच, हा तुमचा गैरसमज आहे. हातमागावरचं बरंचसं कापड तर रोज वापरायलाच विणलेलं असतं.

भाची : हा मुद्दा तुझा. मी वादात हरले.

आत्या : हरली नाहीस. आता त्या स्वेटरांना गच्चीवर ने, ऊन चाललं आहे.

या दोघींचं सगळ्या बाबतींत एकमत झालं नाही आणि होण्याची गरजही नाही. जिला धागा ठाऊक आहे तिला लेबल लागत नाही, आणि जिला ठाऊक नाही तिने लेबल वाचल्याशिवाय कपडा भिजवू नये, एवढं दोघींच्या बोलण्यातून निघतं. मात्र दोघींच्या मधोमध एक प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, परंपरेतही मिळत नाही. कपडा जपायला वेळ लागतो, आणि तो वेळ आजही बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या दिवसातून कापला जातो. ज्या कपड्यांना हाताने धुणं, पसरून वाळवणं, उलटी इस्त्री, घडी बदलणं लागतं, ते सगळे कोण घालतं आणि त्यांची निगा कोण राखतं, हे एकदा कपाट उघडून मोजावं.

नवा कपडा घेताना किमतीच्या चिठ्ठीआधी आतल्या शिवणीतली पट्टी उलटून बघा. धागा कोणता, तो धुणार कोण, आणि संपल्यावर जाणार कुठे, या तीन गोष्टींची उत्तरं दुकानातच शोधा. पहिल्याचं उत्तर येत नसेल तर दुकानदाराला विचारा, तिसऱ्याचं येत नसेल तर कपडा परत ठेवा. आणि दुसऱ्याचं उत्तर दरवेळी घरातल्या एकाच बाईचं नाव येत असेल, तर नव्या कपड्याआधी ते उत्तर बदला.